डावीकडे बघणारा करकोचा

मित्रांनो, माझ्या पोटाला भोक आहे म्हणून हसू नका. मी एक जुना पत्र्याचा साचा आहे आणि त्या भोकावरच मी जन्मभर पोट भरलं. भोकही साधंसुधं नाही, तुरेवाल्या करकोच्याच्या आकाराचं आहे. केनियातल्या केरिचो गावच्या बाजारातल्या अराप सिगिलाई नावाच्या पत्रेवाल्याने तीन दिवस खपून ते कापलं. मला चहाच्या लाकडी पेटीवर धरायचं, वरून काळा रंग फिरवायचा, उचललं की पेटीवर पक्षी हजर!

हे काम ताबेल्गा नावाच्या पोरीकडे आलं. हात चलाख, पण पहिल्याच दिवशी तिने मला उलटं धरलं. चहा कंपनीच्या मालकांना पक्षी उजवीकडे बघायला हवा होता, तो डावीकडे बघू लागला. पाचशे पेट्या रवाना झाल्यावर चूक ध्यानात आली. ताबेल्गा रडकुंडीला आली. मी शरमेने काळाठिक्कर पडलो, रंगामुळे आधीच होतो म्हणा. दुसऱ्या खेपेला मला नीट सुलटं धरलं, तर मोम्बासाच्या व्यापाऱ्यांनी पेट्या परत धाडल्या. म्हणे हा नकली माल, खरा करकोचा डावीकडे बघतो. मालकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि आमची चूक हीच आमची ओळख झाली.

मग काय विचारता! ज्या बायांना अक्षर लागत नव्हतं, त्याही दुकानात करकोच्यावर बोट ठेवून चहा मागू लागल्या. पुढे पेट्या गेल्या, छापील पुडे आले, पण त्यांवर पक्षी माझाच. पेट्यांच्या दिवसांत ताबेल्गा रोज रंग वाळायच्या आत मला रॉकेलच्या फडक्याने पुसायची. ती घरी बसली आणि मी कचेरीतल्या खिळ्याला लागलो. तुऱ्यात रंग गच्च बसला. कुणी ढुंकून बघेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी ताबेल्गाचा नातू किपतोनुई आमचा साहेब झाला. पोरगा हुशार, पण नवी विटी नवं राज्य! कंपनीने पुढे बघायला हवं असं म्हणत त्याने पुड्यावरचा करकोचा उजवीकडे फिरवला. आजीने दोनदा समजावलं, तो हसला.

आणि नेमकं त्याचंच लग्न निघालं. आमच्याकडे मागणी घालायला जाताना चहा-साखर नेतात. मुलीच्या घरी काय घडलं, ते दुसऱ्या दिवशी ताबेल्गा तणतणत कचेरीत आली तेव्हा मला कळलं. तिने नवा पुडा मुलीच्या आजीपुढे, ताप्रांदिचपुढे ठेवला होता आणि त्या म्हातारीने तो न फोडताच परत सरकवला होता. त्या घरात सून म्हणून आल्यापासून तिने डावीकडे बघणाऱ्या करकोच्याचाच चहा उकळला होता. स्वतःच्या कंपनीचा म्हणून नकली माल आणणारी माणसं आमच्या मुलीला कशी नांदवतील, असं तिने सर्वांदेखत विचारलं. बोलणी तिथेच अडली.

किपतोनुईचा चेहरा पार उतरला. मुलगी त्याच्या मनात भरली होती.

"आजी, आता काय करू गं?"

"काही करू नकोस. केलंस तेवढं पुष्कळ झालं," असं म्हणून तिने मला खिळ्यावरून उतरवलं.

रविवारी आम्ही पुन्हा मुलीच्या अंगणात हजर. ताबेल्गाने माझा तुरा सुईने खरवडून मोकळा केला होता. कोऱ्या कागदी पुड्यात चहा भरून आणला होता. सगळ्यांसमोर तिने मला त्यावर ठेवलं, अर्थातच उलटं, आणि रंगाचा ब्रश फिरवला. मी जागचा हललो नाही. एक लग्न माझ्या भोकावर अडलं होतं, हलून कसं चालेल?

तिने मला उचललं. करकोचा डावीकडे बघत उभा होता.

ताप्रांदिचने पुडा जवळ घेतला. ओल्या रंगाने तिची बोटं काळी झाली, तरी तिने सोडला नाही.

"हा आमचा," ती म्हणाली. मग तिने सुनेला हाक मारली, "चहा ठेव गं, दूध सढळ घाल. सोयरे बसलेत."

त्या आनंदाच्या गडबडीत मी गवतावर तसाच पडलो. रंग वाळत चालला होता. वाटलं, संपलं, आता पुन्हा खिळा. तेवढ्यात किपतोनुई धावत आला. कोऱ्या कोटातला रुमाल त्याने आजीने आणलेल्या रॉकेलमध्ये बुडवला आणि मला पुसू लागला, तुऱ्याच्या एकेका केसापर्यंत.

"आजी, याची सुलटी बाजू कुठली?"

"चुकलेली, तीच सुलटी, बाळा."

आता पुड्यावरचा पक्षी पुन्हा डावीकडे बघतो. मित्रांनो, तुम्ही नवं जरूर करा, माझी ना नाही. फक्त जुन्या वस्तूचं तोंड फिरवण्याआधी ती ज्यांच्या हातात होती त्यांना एकदा विचारा. आणि माझ्यासारखा कुणी हाती लागला, तर रंग वाळायच्या आत पुसून ठेवा. मागाहून फार खरवडावं लागतं हो!