पन्नास दिवसांतली मुलुखिया

मी मोठ्याने बोलत नाही. लहानपणापासूनची सवय. राग आला की सकाळच्या प्रार्थनेनंतर चाळीस दंडवत घालायचे. कपाळ फरशीला टेकवायचं, उठायचं, पुन्हा टेकवायचं. पंचविसाव्यापर्यंत राग गुडघ्यांतून उतरून जातो. पण ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरचे पन्नास दिवस आम्ही दंडवत घालत नाही. उपासही करत नाही, अगदी बुधवार-शुक्रवारचासुद्धा. ते आनंदाचे दिवस. या वर्षी त्या आनंदाच्या दिवसांत मला जन्मात आला नव्हता एवढा राग आला, आणि तो ठेवायला जागाच नव्हती.

माझा नवरा कीरोलस एकतीस वर्षांचा. त्याचे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. शुब्रा वस्तीतल्या आमच्या याच घराच्या जिन्यात, सणाचं बदक हातात घेऊन, दम लागला म्हणून बसले ते उठलेच नाहीत. जानेवारीत कीरोच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "वडील कशाने गेले?"

त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघांनी ठरवलं. जमिनीतून उगवतं तेवढंच आपल्या घरात शिजेल, आणि तेही औषध न मारलेलं. फय्यूमला माझ्या मामांचं शेत आहे. वहीबमामा दर गुरुवारी मायक्रोबसवाल्याबरोबर खजुरीच्या फोकांचा पेटारा पाठवू लागले. कोबी, पालेभाज्या, हिरवे वाटाणे, कांद्याची पात. दुकानातल्यासारखं चकचकीत काही नाही. मी खुश होते. कीरोही खुश होता, निदान तसं म्हणत होता.

सणाआधीच्या मोठ्या उपासात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पंचावन्न दिवस सगळी इमारतच सियामी खाते, म्हणजे दूध, अंडं, मांस, तूप काही नाही. आमचा कोबी आणि शेजारणीचा कोबी, फरक काय तो अळीचा. तांत इंसाफ, माझ्या सासूबाई, वरच्या मजल्यावर राहतात. एकदा खाली आल्या, माझ्या सुरीच्या टोकावरची अळी पाहिली आणि म्हणाल्या, "पोरी, ही सियामी आहे का गं? हिला तर मांस आहे!"

मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

मग सण आला. रविवारी दुपारी वर जेवायला गेलो. टेबलावर मांसाचा रस्सा ओतलेला भाकरी-भाताचा फत्ता, भाजलेलं बदक, आणि कडेला एका ताटलीत द्राक्षाच्या पानांच्या भात भरलेल्या गुंडाळ्या. आम्ही गुंडाळ्या घेतल्या.

"ख्रिस्त उठलाय," तांत म्हणाल्या.

"खरोखर उठलाय," आम्ही दोघं म्हणालो.

"मग तुम्ही अजून कबरीतच का बसलाय? घ्या की बदक!"

कीरोने डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "पन्नास दिवसांत उपास करणं पाप आहे हे तुला मी सांगायचं? तू तर दिवसातून सात वेळा प्रार्थनेचं पुस्तक उघडतेस."

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी अबूनांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे गेले. ते म्हणाले, "देमियाना, देवाला देतेस तो उपास. नवऱ्याच्या काळजासाठी करतेस ते पथ्य. पथ्य खुशाल कर. दंडवत मात्र घालू नकोस, आणि तोंड पाडून फिरू नकोस."

मी ते तांतना जसंच्या तसं सांगितलं. आठवडाभराने स्वतःहून मुलुखियाचं पातेलं घेऊन खाली आल्या. मुलुखियाची भाजी त्यांच्यासारखी आमच्या चर्चमध्ये कुणी करत नाही. पानं इतकी बारीक चिरतात की ती शिजत नाहीत, विरघळतात. शेवटी लसूण-धण्याची फोडणी ओतताना बायका श्वास वर खेचून "हाऽऽ" करतात, नाहीतर भाजीला चव येत नाही म्हणे. तांतचा तो "हाऽऽ" वरून, इमारतीच्या उजेडाच्या बोळातून, माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.

"पाण्यात केलीय," त्या म्हणाल्या. "निव्वळ सियामी. घे."

आमच्यात या शब्दावर डोळे मिटून खातात. परक्या घरात, परक्या गावात कुणी "सियामी आहे" म्हटलं की दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला नाही. पातेलं धुऊन, रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात मामांचे वाटाणे भरून वर नेऊन दिलं. मग दर दोन दिवसांनी पातेलं खाली, भाजी वर, असं सुरू झालं. कीरो बोटं चाटायचा.

सणानंतरच्या सहाव्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसूभरही खाली आला नव्हता. उलट थोडा वरच.

कीरोने कागद टेबलावर टाकला. "झालं? चार महिने गवत खाल्लं. काय मिळालं? तुझ्या मामांच्या अळ्या!"

"आपण दोघांनी ठरवलं होतं, कीरो."

"तू ठरवलंस. मी हो म्हटलं."

रात्रभर त्याच्या श्वासाकडे कान लावून पडले आणि मनात विचारत राहिले, काय चुकलं माझं? तेल जास्त झालं? भाकरी? मी स्वतःलाच झाडून काढत होते.

सकाळी फ्रीज उघडला. आदल्या दिवशीची तांतची मुलुखिया गार झाली होती. वर पांढरी साय धरली होती, नखाएवढी जाड. मी चमच्याने टोचून पाहिलं. मेणासारखी तुटली. पाण्यात शिजवलेल्या पाल्यावर असं काही गोठत नाही. ती बदकाची चरबी होती.

मी तिथेच फरशीवर गुडघे टेकले. आणि आठवलं, पन्नास दिवस. कपाळ खाली जाईना. उठले, पातेलं घेतलं आणि जिना चढले.

शुक्रवार होता, कीरोला सुट्टी. तो आईकडे चहा पीत बसला होता. मी पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं.

"तांत, हे काय आहे?"

"मुलुखिया. डोळे गेले का तुझे?"

"वर काय आहे?"

त्यांनी पाहिलं. क्षणभरच. मग हनुवटी वर केली. "रस्सा. घातला मी. मग? माझं पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललंय, गालांची हाडं दिसतात त्याच्या!"

"तुम्ही सियामी म्हणालात."

"पन्नास दिवसांत कसलं आलंय सियामी!" त्या उसळल्या. "उपासच नाही तर मोडला कुठे? मोठ्या उपासात थेंब जरी घातला असता ना, हा हात तोडून घेतला असता मी. माझ्या देवाला माहीत आहे."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. तोंडावर कुठे खोटेपणा नव्हता. देवाच्या पानात थेंब पडला असता तर हात तोडला असता. मुलाच्या पानात पळीपळीने वाढत होत्या. माझे कान गरम झाले.

"याच्या वडलांनाही असंच वाढलंत," मी म्हणाले.

माझा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. म्हणूनच ते जास्त वाईट ऐकू आलं. तांतचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला.

मग कीरोकडे बोट करून म्हणाल्या, "मला एकटीला फाशी देतेस? विचार ना याला. कामावरून आल्यावर आधी कुठे येतो, काय खाऊन जातो?"

"आईला तोंड दाखवायला जातो" म्हणून तो रोज दहा-पंधरा मिनिटं वर जायचा. मीच पाठवायची. कधी विसरला तर आठवण करायची.

"कीरो?"

तो कपाकडे बघत होता.

"तुला कळलं होतं? मुलुखियाचं?"

"पहिल्या घासालाच," तो म्हणाला. "तीस वर्षं खातोय मी ती, देमा. आईला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

त्याने कप बशीत ठेवला.

काल अळ्यांवरून मला ऐकवणारा हाच माणूस. त्याच्यासाठी मी गेले चार महिने लोण्याचं नाव काढलं नव्हतं, आणि रात्री त्याचे श्वास मोजत होते. मला पातेलं उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. मी ते मोरीत ओतलं, तिथेच साबणाने घासलं आणि रिकामं ओट्यावर उपडं ठेवलं. तांतनी ते रिकामं पातेलं पाहिलं. मी दारात वळून कीरोला म्हणाले, "तुझं काळीज तुझं. जिन्यात बसायचं असेल तर बस. मी तुला उचलायला येणार नाही, आणि तुझ्यासाठी शिजवणारही नाही."

दहा दिवस मी फक्त माझ्यापुरतं शिजवलं. एक ताट, एक भाकरी. तो वर गेला की नाही, मी पाहिलं नाही. अकराव्या दिवशी पन्नास दिवस संपले होते, प्रेषितांचा उपास लागला होता. सकाळी मी फरशीवर कपाळ टेकवलं. चाळीस झाले, साठ झाले. राग उतरला नाही. गुडघे तेवढे दुखले.

स्वयंपाकघरात आवाज झाला. कीरो ओट्याशी उभा होता. आदल्या गुरुवारचा मामांचा पेटारा उघडून त्याने मुलुखिया निवडली होती आणि दोन मुठींच्या अर्धगोल सुरीने चिरत होता. वेडीवाकडी, जाडी, देठांसकट. मी दारात उभी राहिले. मदत केली नाही.

"वर जात नाहीये मी," तो पाठमोराच म्हणाला. "सांगून आलोय आईला."

"काय सांगितलंस?"

"की माझं पातेलं मी घासणार."

त्याने पाणी उकळलं, पाला टाकला, लसूण-धणे तेलात तळले. लसूण करपत आला तेव्हा घाईघाईने फोडणी ओतली. चर्र झालं आणि तो नुसताच उभा राहिला. श्वास खेचायचा असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

उजेडाच्या बोळातून वरून आवाज आला, "हाऽऽ!"

कीरोने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर हसू येऊ घातलं होतं.

मी पुढे झाले आणि खिडकी लावून घेतली. मग दोन ताटं मांडली.