फार जपलेला शाफ्ट

“त्या मासळीच्या पिकअपचा शाफ्ट म्हणे घरातल्याच कुणीतरी मुद्दाम...” टायरवाला एवढं बोलला आणि शेजारी ग्राइंडर सुरू झाला. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. म्हणून तर ते गल्लीभर झालं!

अहो, मीच तो शाफ्ट बोलतोय. गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या बॅटऱ्यांशेजारी वाकडा होऊन पडलोय. आता उठवत नाही, पण कान शाबूत आहेत.

मी म्हणजे पोलादाची लांबलचक पोकळ नळी. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. गाडी पळाली की मी चाकांपेक्षाही कितीतरी जोरात गरगरतो. तेव्हा अंगात जराशी जरी खोट असली, तरी दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा मधोमध फुगायला लागतो. म्हणून कारखान्यात मला फिरवून पाहिलं आणि तोल साधायला अंगावर पत्र्याची बोटभर पट्टी डकवली. दिसायला अगदीच गबाळी. पण माझं सगळं तिच्यावर.

पिकअप दादांची. बर्फ वितळायच्या आत मासळी बाजारात पोचवायची, म्हणून दादांचा पाय कायम दाबलेला. शेजारी वहिनी, मांडीवर तराजू. घरी वहिनींचे सासरे, म्हणजे मामंजी. खाऱ्या पाण्यानं गाडी गंजेल म्हणून ते चटई टाकून खाली शिरायचे आणि मला पोटच्या पोरासारखं पुसायचे. इतकं मला कुणी जपलं नव्हतं.

एकदा त्यांना ती पट्टी दिसली. “हे काय मेलं चिकटलंय!” छिन्नी लावली, ठोकली, पट्टी खाली. वरून तेलाचं बोट फिरवत म्हणाले, “आता कसा गुळगुळीत झाला!” मी काय बोलणार? फिरल्याशिवाय मला आवाज नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडीनं वेग घेतला की मी थरथरायचो. दादांनी काय करावं? गाणी मोठ्यानं लावली.

“अहो, खालून काहीतरी धडधडतंय.”

“रस्ता खराब आहे गं.”

“रस्ता परवाच झालाय. आणि मिस्त्रींनी दिलेलं ते लोखंडी कडं अजून सीटमागं लोळतंय. शाफ्ट सुटून रस्त्यात रुतला तर गाडी उलटते, म्हणाले होते ना? ते शाफ्टभोवती बसवल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही.”

दादांनी तणतणत, घरच्या घरीच कडं बसवलं. धडधड मात्र तशीच राहिली. थरथरून थरथरून माझ्या पुढच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे मला इंजिनाच्या बाजूला जोडून धरणारा फुलीसारखा तुकडा, झिजला आणि एका सकाळी भर वेगात तुटला. मी सुटलो, खाली कोसळलो, आणि त्या कड्यानं मला झेललं. आतल्या आत आपटून वाकलो, पण माझं टोक डांबराला लागलं नाही. गाडी हेलकावे खात कडेच्या भिंतीला घासून थांबली. वहिनींचा हात मोडला. जीव वाचला.

आज सगळी इथं आली होती. मिस्त्रींनी मला उलटसुलट केलं. “इथली पट्टी कोणी काढली?”

मामंजी हातात फडकं घेऊन उभे. “मीच. मला घाण वाटली.” मग सुनेच्या प्लास्टरकडे बघून हळूच म्हणाले, “म्हणजे हा हात माझ्यामुळं?”

दादा तर छताकडे बघायला लागले.

“मामंजी,” वहिनी म्हणाल्या, “हात बरा होईपर्यंत घरातली भांडी तुमच्याकडे. तिथं काय खरवडायचं ते खरवडा.”

म्हातारा हसला, आणि त्याच तेलकट फडक्यानं डोळे पुसून बसला.

मला आता सरळ करू नका. पार दमलोय. तुमची गाडी थरथरली, तर मात्र गाणं बंद करा आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. आणि जाता जाता त्या टायरवाल्यालाही सांगा. घरातल्याच माणसानं केलं, हे खरं. मुद्दाम नाही हो. मायेनं केलं.