गिऱ्हाईक झालेला पुतळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, तिथले थोर असतात. मी कपड्याच्या दुकानातला. छाती पुढे, पोट आत, एक हात कमरेवर आणि दुसरा कुणाला तरी 'या' म्हणावं तसा पुढे केलेला. सध्या माझा मुक्काम एका कॉलेजात आहे. तिथे व्यावसायिक संवाद कौशल्य शिकवतात, आणि त्या वर्गाचा मी ग्राहक आहे. म्हणजे सकाळपासून मुलं येतात, माझ्यासमोर उभी राहतात आणि माझी माफी मागतात. कशाबद्दल, ते मला आजवर कळलेलं नाही. मी कधी कुणाकडे तक्रार केली नव्हती.

आता करतो आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात फायबरचे थर लावून मला घडवलं. डोळे रंगवणाऱ्याला जेवायला जायची घाई होती, त्यामुळे माझा डावा डोळा थोडा वर गेला. मी समोरच्याकडे बघत असलो तरी त्याच्या खांद्यावरून मागे बघतोय असं वाटतं. पण दुकानात त्याचं कुणाला काही नव्हतं. लोक माझा शर्ट बघायचे.

दुकान नवराबायकोचं होतं. मालक गल्ल्यावर आणि मालकीणबाई माझ्यापाशी. दर आठवड्याला त्या मला नवे कपडे घालायच्या. तोंडात टाचण्या धरून माझ्याशी बोलायच्या. "काय रे, जाड झालास की काय? बटण लागेना तुझं." मग शर्ट मागून टाचून, कॉलर नीट करून, रस्त्यावर जाऊन बघून यायच्या. लोक दारात उभं राहून म्हणायचे, "तो पुतळ्यावरचा द्या." तेव्हा मालक मालकीणबाईंकडे बघायचे आणि त्या माझ्याकडे. एवढीच शाबासकी, पण पुरायची.

मग मालकीणबाई आजारी पडल्या. मग दुकानात येईनाशा झाल्या. मग नव्हत्याच.

त्यानंतर माझ्या अंगावर एकच शर्ट राहिला. काचेतून ऊन यायचं, तेव्हा तो एका बाजूने विटला. मालकांच्या पुतण्याने सांगितलं की आता बिनडोक्याचे पुतळे चालतात, डोकं असलेले जुनाट दिसतात. मालक 'बरं' म्हणाले. त्या दिवसांत ते सगळ्यालाच 'बरं' म्हणत. मी माळ्यावर गेलो. तिथून कॉलेजच्या मॅडमनी मला मागून आणलं.

मॅडमचा हेतू चांगला होता. मुलं एकमेकांसमोर बोलायला लाजतात, हसतात, तर त्यांना समोर कुणीतरी पाहिजे. पण त्यांनी मला कोट आणि टाय घातला आणि फळ्यावर सहा वाक्यं लिहून ठेवली. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते' इथपासून 'आपला दिवस शुभ जावो' इथपर्यंत. तीच सहा वाक्यं, रोज, प्रत्येकाच्या तोंडून! नजरेला नजर द्या म्हटलं की पोरं माझ्या डाव्या डोळ्यासमोर येण्यासाठी बाकावर चढायची. हात घट्ट मिळवा म्हटलं तेव्हा एका पैलवानाने माझी करंगळी मोडून नेली आणि वर म्हणाला, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." वाक्य बरोबर होतं. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. करंगळी कुणी शोधली नाही.

या सगळ्यांत एक मुलगी फार मेहनती होती. जेवणाच्या सुट्टीतही ती माझ्यासमोर उभी राहायची. घरगुती यंत्रांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये दरवर्षी या वर्गातल्या एकाला घेतात, आणि ती जागा तिला हवी होती. नाही मिळाली तर काकांच्या टाइल्सच्या गोदामात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. काकांनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. माझ्यासमोर ती सहा वाक्यं इतकी झकास म्हणायची की बिघडलेलं यंत्र आपलं आपण चालू व्हावं.

पण निवडीच्या दिवशी समोर जिवंत माणूस आला, सर्व्हिस सेंटरचे साहेब स्वतः गिऱ्हाईक होऊन बसले. साहेबांनी तिला दुसऱ्याच वाक्यावर मध्ये तोडलं, "अहो ताई, धूर येतोय त्यातून!" ती थबकली, आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" साहेब पुन्हा म्हणाले, धूर येतोय. तिने पुन्हा नमस्कार केला. साहेबांनी कपाळाला हात लावला. वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव 'रिवाइंड' पडलं.

आता यात तिचं काय चुकलं, मला सांगा! मी कधी तिला मध्ये तोडलंय का? वर्षभर माझ्यासारख्या गप्प गिऱ्हाइकापुढे उभं केल्यावर दुसरं काय होणार?

तिचं नशीब, निवडलेला मुलगा दुसरीकडे गेला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. मॅडमनी तिच्यासाठी शब्द टाकला. साहेब पुन्हा येणार होते. आणि या मुलीने काय करावं? तीच सहा वाक्यं घेऊन पुन्हा माझ्याचपुढे उभी! मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

अशाच एका दुपारी माझे जुने मालक वर्गात आले. खिडक्यांना नवे पडदे करायचे होते, त्यांची मापं घ्यायला. खांद्यावर टेप, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मला बघून थांबले.

"अरे, तू इथे होय!"

"मी रोजच असते, काका," मुलगी म्हणाली.

"तुला नाही गं, ह्याला. आमच्या दुकानातला आहे. हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस. हे ग्राहक आहेत."

"हा? ह्याने आयुष्यात एक रुमाल विकत घेतला नाही." मालकांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. "मी होतो गिऱ्हाईक. बोल."

"नमस्कार, मी आपली काय..."

"वॉशिंग मशीन."

मुलीने पहिल्यापासून सुरू केलं. "नमस्कार, मी आपली काय मदत..."

"सांगितलं ना, वॉशिंग मशीन!"

"काका, मला आधी पूर्ण करू द्या ना."

"कर बाई, कर."

तिने पूर्ण केलं. मग म्हणाली, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मशीन कधी बिघडलं?"

"बिघडलेलं नाही."

हे फळ्यावर नव्हतं. तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नमस्कार..."

"पुन्हा नमस्कार केलास तर उठून जाईन मी!"

"मग तुम्ही असं काय बोलता? बिघडलं नाही तर तक्रार कशाची?"

"जाऊ दे. मला मापं घ्यायचीत." मालक टेप गुंडाळायला लागले.

मुलगी गप्प बसली. रागाने बसली, पण बसली. मालकांनी टेप गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला चालवता येत नाही," ते म्हणाले. "घरात ती... तीच लावायची. इतके दिवस लाँड्रीत देत होतो, तर तो दुकान बंद करून गेला. काल मी कपडे घातले, साबण घातला, बटण दाबलं. नुसतं टूं टूं करतं आणि थांबतं. मुलाला फोन केला तर म्हणतो, व्हिडिओ पाठवतो. पाठवला. त्यात एक बाई इतकी भरभर बोलते की मी बंद केला."

"मग कपडे?"

"आतच आहेत. दार लावून ठेवलंय."

मुलीने फळ्याकडे बघितलं नाही. "मागचा नळ चालू आहे का?"

"कुठला नळ?"

"मशीनच्या मागे असतो. काकूंनी बंद केला असेल. माझी आईपण धुणं झालं की बंद करते."

मालक तिच्याकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले. "तिला सवय होती. सगळं बंद करूनच बाहेर पडायची."

मग मुलगी उठली आणि तिने माझ्या कोटाच्या वरच्या बटणावर बोट ठेवलं. "हे चाक समजा. आधी नळ सोडायचा, मग हे उजवीकडे फिरवायचं..."

"उजवीकडे म्हणजे माझ्या की ह्याच्या?"

"तुमच्या. मग हे मधलं बटण..."

"आणि साबण? साबण आतच टाकतात ना?"

"नाही हो, त्याला वेगळा खण असतो. वरती, डाव्या हाताला. मग हे मधलं बटण दाबायचं."

माझ्या लक्षात आलं. त्यांनी दोनदा मध्ये तोडलं, आणि ती दोन्ही वेळा होती तिथूनच पुढे गेली.

मापं घ्यायची राहिलीच. दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा आले ते फिकट गुलाबी शर्ट घालून. कालपर्यंत तो पांढरा होता.

"लाल टॉवेल होता का आत?" मुलगी म्हणाली.

"तू कुठे सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

"बघ, आलं तुला बोलायला!" मालक म्हणाले आणि हसले. मी त्यांना फार दिवसांनी हसताना बघत होतो. साहेब येईपर्यंत ते रोज काही ना काही निमित्त काढून आले आणि तिला मनसोक्त मध्ये तोडून गेले.

निवडीच्या दिवशी मला कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ग्राहकाला ही वागणूक! पण ऐकू येत होतं.

"नमस्कार, मी आपली..."

"नमस्कार गेला खड्ड्यात!" साहेब कडाडले. "तिसऱ्यांदा येतोय मी!"

कुणीतरी हळूच म्हणालं, "रिवाइंड." मी भिंतीकडे बघत त्या नमस्काराची वाट बघू लागलो.

तो आला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तिसऱ्यांदा? बसा आधी. आधीच्या दोन वेळा काय झालं?"

"आधीच्या दोन वेळा..." साहेब म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज. पुन्हा उलटल्याचा. "ते इथे लिहिलेलं नाही."

साहेबसुद्धा पाठ करून आले होते, मित्रांनो! वर्ग खदखदून हसला आणि साहेबही. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आपल्या मनाने सांगायला लागले, आणि ती विचारत गेली. ती हसायला विसरली, सेंटरचं नाव सांगायला विसरली, दिवस शुभ जावो हेही विसरली. मॅडमचं पेन कागदावर खरखर चालत होतं.

"दिलगिरी राहिली," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या, मॅडम," साहेब म्हणाले. "सोमवारपासून पाठवा हिला."

काकांच्या गोदामातली ती खुर्ची आता काका स्वतः वापरतात म्हणे.

माझं काय झालं? काही नाही. नवी बॅच आली, सहा वाक्यं फळ्यावर तशीच आहेत. आजच सकाळी एका मुलाने अत्यंत नम्रपणे माझी तक्रार नोंदवून घेतली. माझ्या खांद्यावर बोटभर धूळ आहे, ती मात्र नोंदवली नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनंती आहे. बोलायला शिका, जरूर शिका. माझा कोट झटका, माझ्यासमोर लाज मोडा, त्याला माझी ना नाही. पण तेवढं झालं की घरी जा. तिथे कुणीतरी असेल जे तुमचं वाक्य पुरं होऊ देणार नाही, भलतंच काहीतरी विचारेल, तेच तेच सांगेल. त्याच्यापुढे बसा. ते गप्प झालं तर लगेच उठू नका, अजून काहीतरी यायचं असतं. मला वाट बघता येते, मला तेवढंच येतं. माणसांचं तसं नाही.