झुराकानच्या वाट्याच्या गोळ्या

मी कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. स्वभावानं भित्री, कुणी मोठ्यानं शिंकलं तरी दचकते.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, धुक्यातून पाहिल्यासारखा अंधुक. लख्ख आठवतो तो बिश्केक शहरातून डोंगरातल्या नारीनकडे येणारा घाट, आणि मेरिमच्या पिशवीत लोकरी मोज्यात गुंडाळलेली मी.

मेरिमची आई झुराकान बावन्न वर्षांची, घोडींचं दूध काढणारी. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं. हाडं विरळ झालीत, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. "रोज एक गोळी, जेवणानंतर. पुन्हा पडलीस तर कुरणावर जाणं विसर." आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणावर तंबू ठोकायचा, याच आशेवर तर बाई वर्ष काढते!

पण लांबून आलेली वस्तू शेजारीपाजारी वाटायची, ही इथली रीत. मेरिम शहरात परत गेली तशी मी चहासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर, सुक्या जर्दाळूंशेजारी.

"घ्या गं, लेकीनं आणलंय!"

मूठमूठ गोळ्या गेल्या. शेजारच्या कानिशायनं तर आपल्या मरतुकड्या वासराला चारल्या.

आठवड्यानं मेरिमचा फोन आला; आईला ती आपा म्हणते. "आपा, गोळ्या किती उरल्यात?"

"आहेत की भरपूर."

"हलवून दाखव."

आत दोनच खुळखुळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आपा! बोरं होती का ती?"

"एकटीनं कसं गं खायचं? घशाखाली उतरत नाही."

"मग मोडून घे दुसरंही मनगट!" मेरिम म्हणाली, आणि रडायलाच लागली.



मेरिमनं पुन्हा गोळ्या धाडल्या, त्या माझ्यातच ओतल्या गेल्या. वास लागल्यासारखी कानिशाय हजर.

"वासरू कसं उड्या मारतंय बघ! आण अजून."

झुराकानचा हात माझ्यावर थरथरत होता. तिनं झाकण घट्ट लावलं.

"नाही, कानिशाय. ह्या माझ्या."

"अगं बाई! शहराचं वारं लागलं वाटतं!"

"लागू दे. तुझे गुडघे दुखतात ना? गुरुवारी दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत. तुला काय हवं ते डॉक्टर सांगतील. तोवर ही साय ने."

कानिशायनं साय नेली, पण दोन दिवस बोलली नाही.

आता मी कुरणावरच्या तंबूत आहे. वरच्या झरोक्यातून ढग सरकतात, बाहेर घोडी फुरफुरतात, आणि झुराकान जेवून माझ्याकडे येते. तिची हाडं मी पोलादी करीन, असा शब्द देत नाही. तेवढी माझी ऐपत नाही. पण बायांनो, एखादी गोष्ट फक्त स्वतःसाठी ठेवताना हात थरथरला, तर थरथरू द्या. झाकण मात्र लावा.