मोडेमला सरळ, टर्मिनलला उलट

माझ्या तोंडी कुणी लागत नाही. लग्नाआधीही लागत नव्हतं, आणि नंतर सासूबाईंनी आठ दिवसांत नाद सोडला. चूक माझी नसेल तर मी कुणाचं ऐकून घेत नाही, आणि असली तरी सहजासहजी घेत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटायचं, बाई मुळातच गरीब गाय असेल.

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही, पण समजावून सांगायला लागले की थांबायचं नाव नाही. भाजीवाल्याला तराजू कसा चालतो ते सांगतील, आणि तोही बिचारा ऐकून घेईल. आमचा दोघांचा धंदा जुन्या यंत्रांचा. गोदामांमधून अजून जुनी टर्मिनलं असतात, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, स्वतःचं डोकं नाही. ती टर्मिनलं, पावत्या छापणारे प्रिंटर आणि बाहेरच्या फोनलाइनसाठी मोडेम, ही सगळी मंडळी एका लोखंडी पेटीला जोडलेली असतात. पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. पेटी मात्र चालते. नव्या मुलांना ती बघूनच घाम फुटतो, म्हणून आम्हाला बोलावणं येतं.

कामातली खोच एवढीच, की टर्मिनलची बोलायची तार पेटीच्या ऐकायच्या पिनेला जोडायची आणि ऐकायची बोलायच्या. तोंडाला कान. तोंडाला तोंड जोडलं तर दोघं बोलत बसतात आणि ऐकत कुणीच नाही, माझ्या दोन्ही नणंदा भेटल्या की होतं तसं. प्रिंटरचंही तेच. मोडेमला मात्र ही अदलाबदल आतूनच केलेली असते, त्यामुळे त्याला तारा सरळ. हे सगळं मला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. तेव्हापासून आम्ही कामाला बरोबरच जातो.

गेल्या वर्षी हे प्रिंटरला सरळ तारा जोडायला लागले. पहिल्यांदा मी नेहमीसारखी ओरडले. "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" हे हसले, बदलून दिलं. मग पुन्हा तेच. मग टर्मिनललाही सरळ. धंद्याआधी नोकरी करायचे तेव्हा पहिल्या वर्षी ह्यांच्याकडं फक्त मोडेम जोडायचं काम होतं, आणि हात तिथंच परत जाऊन बसले होते. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ह्या विसरण्याच्या आजारात नंतरचं आधी पुसलं जातं, सगळ्यात जुनं शेवटी. त्यानंतर मी ओरडायचं बंद केलं.

मी मागून जाऊन दुरुस्त करायला लागले. ह्यांनी एक तार संपवून दुसरी हातात घेतली की मी पहिलीच्या टोकावरचं झाकण उघडायचं, चिमट्यानं दोन पिना उपसायच्या, उलटपालट करून बसवायच्या, झाकण लावून टाकायचं. ह्यांना कळायचं नाही. एवढा उपद्व्याप कशाला, असं माझ्या बहिणीनं विचारलं. तिला काय सांगू? घरात हे शेजाऱ्यांचं नाव विसरायचे, आंघोळ झाली की नाही ते विसरायचे. पण हत्यारांची पिशवी खांद्याला लावली की पाठ ताठ व्हायची, आवाज परत यायचा, मी ज्यांच्याशी लग्न केलं ते माणूस समोर उभं राहायचं. मला ते हवं होतं. जितके दिवस मिळेल तितके दिवस हवं होतं.

मग मोठं काम आलं. एका गोदामाचं सामान अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचं होतं, रविवारी गोदाम बंद असताना. पेटी खालच्या खोलीत, टर्मिनलं वर टेबलांवर, प्रिंटर खिडक्यांपाशी. हे दिवसभर शीळ घालत तारा जोडत होते आणि मी त्यांच्या मागं मागं. संध्याकाळी एकेका टर्मिनलवर अक्षर दाबून बघितलं. पडद्यावर उमटत होतं. प्रिंटर करकरले. गोदामाचे साहेब वर्षभरापूर्वीच आलेले, त्यांनी ह्यांचा हात हातात घेऊन हलवला. "मास्तर, मानलं तुम्हाला." ह्यांचा चेहरा असा फुलला, की माझे दुखणारे गुडघेसुद्धा मला आठवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडताना आम्ही हजर राहायचं होतं, आणि त्याच वेळी मला डॉक्टरांकडून ह्यांचे रिपोर्ट आणायचे होते. मी ह्यांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, "सगळं झालंय. काही करू नका. मी आलेच." हे म्हणाले, "मी काय लहान आहे?"

परत आले तर फाटकाबाहेर ट्रकांची रांग. वर सगळी माणसं टेबलांपाशी हात बांधून उभी. पडदे मेलेले, अक्षर दाबलं तरी उमटेना. आणि हे खाली पेटीपाशी मांडी घालून बसलेले, सगळी झाकणं उघडी, कपाळावर घाम. शेवटची नजर टाकावी म्हणून ह्यांनी एक झाकण उघडलं होतं. आत तारा उलट. दुसरं उघडलं, तेही उलट. मग एकेक करत सगळं सरळ करून टाकलं होतं.

साहेब खाली आले. "मास्तर, काल तर चालत होतं! काय झालं?"

ह्यांनी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता संपलं. ह्यांना कळलंय.

"साहेब, तिच्यावर रागावू नका," हे हळूच म्हणाले. "तारा उलट जोडून ठेवल्या होत्या तिनं. अजून शिकतेय ती. मी घेतो सांभाळून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू, गेलीच. इतक्या वर्षांचं माझं काम, कालचे माझे गुडघे! तोंड उघडलंही होतं मी. पण हे माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होते, वर्गातल्या कच्च्या मुलीकडं बघावं तसं, आणि जिन्यात सगळी माणसं गोळा झाली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "मास्तरांना वर चहा द्या, मी करते नीट." हे जायला तयार नव्हते. "तिला जमायचं नाही," म्हणत होते. साहेब त्यांना दंडाला धरून घेऊन गेले. मी खाली एकटीच बसून पिना बदलल्या, रडत रडत बदलल्या, आणि मोडेम तेवढा सोडला, कारण तो एकच बरोबर होता. वर पहिला प्रिंटर सुरू झाला तसे हे जिन्यातून डोकावले. "बघ! जमलं की नाही?" म्हणाले.

निघताना साहेब म्हणाले, "मास्तर, पुढच्या आठवड्यात आमच्या दुसऱ्या गोदामाचं काम आहे. पण तुम्ही एकटेच या. वहिनींना घरी आराम करू दे." बोलणं गोड होतं, अर्थ कडू होता. हे मानेनं हो म्हणाले, ऐटीत. मी ह्यांना फाटकाशी उभं केलं, रुमाल विसरला म्हणून परत आत गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. रिपोर्ट दाखवले. त्यांनी कागद वाचून घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "वहिनी, मग मला ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल." मी म्हटलं, "द्या." बाकीच्या गोदामांनाही मीच फोन करून कळवलं. कधीतरी ह्यांच्या हातून मोठा घोटाळा झाला असता, आणि तेव्हा मी जवळ नसते तर?

तेव्हापासून रोज सकाळी हे दाढी करतात, पिशवी घेऊन दाराशी येऊन बसतात. "निघायचं ना?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. म्हटलं, तुमच्या हातून चुका होतात आता, डॉक्टरांनी सांगितलंय. हे दिवसभर स्वतःचे हात उलटसुलट करून बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी, पुन्हा तोच प्रश्न. आदल्या दिवसाचा मागमूस नाही. माझ्याच्यानं परत सांगवेना. म्हटलं, गोदामच बंद पडलं. तर म्हणाले, "मग दुसरं बघू," आणि चालायला लागले. चौकातून धरून आणले मी. गाड्यांच्या मधोमध उभे होते, पिशवी छातीशी धरून.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, "माझ्यामुळं गेलं हो काम. मी तारा चुकीच्या जोडल्या."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. "असू दे," म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. होतात चुका." आणि शांत होऊन पेपर चाळत बसले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

आता रोज तेच चालतं. रोज हे नव्यानं विचारतात, रोज मी चूक कबूल करते आणि रोज हे मला नव्यानं माफ करतात. कधी कधी नाही करत. काल नाही केलं. "एवढं साधं काम तुला जमू नये? माझं नाव घालवलंस!" असं ओरडले, शेजारी ऐकू जाईल इतकं. ताट सरकवून दिलं. मी म्हटलं, "चुकलं माझं, पण दोन घास खाऊन घ्या." नाही खाल्लं. भिंतीकडं तोंड करून झोपून गेले.

आज लवकर उठून दाराशी बसलेत, पिशवी मांडीवर. मी चहा गाळतेय. अजून विचारलं नाहीये.