बिजागरीवरची वायर

मित्रांनो, शिलाई मशीनच्या शेजारी, कापडाच्या गठ्ठ्याआडून जे बुटकं चाक डोकावतंय ना, ते माझं. मी एक जुनी सायकल आहे, मधोमध घडी होणारी. पोटात बिजागरी घेऊनच मी कारखान्यातून बाहेर पडले. रस्त्यावर आले तेव्हा लोक म्हणाले, "हिची वाढ खुंटलीय वाटतं."

माझे मालक शिंपी. शिवलेले कपडे मागे बांधून त्यांनी मला घरोघरी हिंडवलं. पुढे गिऱ्हाइकंच दुकानात येऊ लागली. मग माझ्या सीटवर चिंध्यांची पिशवी आली, तिच्यावर इस्त्रीची चादर. कुणी मला टाकून दिलं नाही, पण विसरले सगळे. तेच जास्त लागतं.

मग घरात ठमी जन्माला आली आणि मालक सगळ्यांसाठी 'ठमीचे बाबा' झाले. तिची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. रजा संपली, पण ठमी काही केल्या बाटली तोंडात धरेना. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन पाजायचं, तर मध्ये हा उभा चढ. चालत येण्यातच सुट्टी सरायची.

"हे जमलं नाही, तर नोकरी सोडावी लागेल," आई म्हणाली. आवाज शांत होता, पण हात ठमीच्या एकाच झबल्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होते.

बाबांनी मला बाहेर काढून पुसलं. पुढच्या चाकात मोटर बसली, मागच्या कॅरियरवर बॅटरी.

ठमीच्या आजीने लगेच बजावलं, "ते चार्जिंग पाळण्यापासून लांब करायचं. आणि वेग वाढणार, तर आधी ब्रेक बघ."

ब्रेकचे रबर नवे आले. बॅटरीपासून मोटरपर्यंतची वायर बाबांनी दांडीला इतकी घट्ट बांधली, जणू अंगावरच शिवली. ढिलंढालं त्यांना खपतच नाही. मग मला चढावर पळवून बघितलं. मी सुसाट गेले. घडी घालून मात्र कुणी बघितलं नाही.

सकाळी लॅबच्या दारात आईने मला दुमडलं, कारण आत मला टेबलाखालीच जागा आहे. पोटापाशी काहीतरी ताणलं गेलं आणि तुटलं. मला सांगता थोडंच येतं? दुपारी चढाच्या पायथ्याशी तिने बटण दाबलं, तर मोटर गप्प. बॅटरीमुळे मी आता चांगलीच जड झालेली. तेवढं ओझं ढकलत ती बिचारी चढ चढली. घरी पोचली, तर ठमी रडून रडून झोपी गेलेली, गालांवर ओघळ तसेच. आई पाणीसुद्धा न पिता परत फिरली.

संध्याकाळी बाबा तुटकी वायर हातात घेऊन बसले. "एवढी पक्की बांधली होती गं."

"तिथेच तर चुकलं. अहो, पँट उभ्या माणसाच्या अंगाला चिकटून शिवली आणि तो खाली बसला, तर काय होईल?"

"उसवेल."

"मग? हिलाही रोज बसावं लागतं."

आजी पाळणा हलवता हलवता हसली. "घ्या. आता बायकोने शिंप्याला शिवण शिकवावी."

बाबांनी मला दुमडलं, उघडलं, पुन्हा दुमडलं. मग नवी वायर बिजागरीपाशी सैल सोडून बांधली आणि ती चिमटू नये म्हणून तिला जाड कापडाची खोळ शिवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चढ चढले. आईने हँडल घट्ट आवळून धरलं होतं. जिन्यापाशी येताच वरून रडणं ऐकू आलं. तिने मला भिंतीला टेकवलं आणि धावली. मी खाली उभी राहून ऐकत होते. थोड्या वेळाने रडणं थांबलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवी ताकद जरूर द्या. पण ती वाकते कुठे, दुमडते कुठे, ते आधी बघा. घडी घालताना हिसका देऊ नका, आणि अधूनमधून ब्रेक तपासा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमच्या भरवशावर घरी कुणीतरी भुकेलं असतं.