बावन्नातून एक्केचाळीस

"बावन्नातनं एक्केचाळीस गेले की ऱ्हायले अकरा. बराबर का, भाऊसाहेब?"

इनुस मुलाणीने मार्कलिस्ट आणि उत्तरपत्रिकेची झेरॉक्स ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवली. रांजणगावच्या कंपनीतली पाळी संपवून तो थेट इकडेच आला होता. अंगात अजून कंपनीचा निळा शर्ट होता. त्याच्या मागे त्याची मुलगी सायमा नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभी होती.

"बरोबर," हौसराव म्हणाले. एकोणतीस वर्षं ते या ज्युनिअर कॉलेजात क्लार्क होते. गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणायचं.

"मंग मला येवढंच समजून सांगा. गणिताचा लेखी पेपर ऐंशीचा. त्यात एक्केचाळीस, ते बोर्डानं दिले. ऱ्हायलेले वीस प्रॅक्टिकलचे, ते तुमच्या कालेजानं द्यायचे. त्यात अकराच कसे? पोरगी वर्षात एक दिस घरी बसली न्हाई. फिजिक्सला तर तुमच्याकडं सरच नव्हते, तरी बी ती यायची."

"इंजिनिअरिंगचं काय झालं?"

"कंप्युटर फारमच घेईना. सीईटीला बरे पडल्यात. पन तीन विषयांत मिळून एकशे पस्तीस लागत्यात म्हनं. हिला एकशे चौतीस."

हौसरावांनी मार्कलिस्ट उगाचच उलटीसुलटी करून पाहिली. "लेखी पेपर परत तपासून मिळतो, इनुसभाई. प्रॅक्टिकलचे मार्क एकदा भरले की भरले. त्याची तपासणी न्हाई."

"मंग इचारायचं कुणाला? गणिताच्या सारिका मॅडमला?"

"त्यांचं कंत्राट संपलं. मे महिन्यातच गेल्या."

इनुस खिडकीपाशी तसाच उभा राहिला. हौसरावांना ते सोसवेना. ते म्हणाले, "अभ्यास कमी पडला असंल जरा."

सायमाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. हौसरावांनी कागद खिडकीतून परत सरकवले.

मग त्यांनी घाईघाईने वाट सांगितली. बारावी सायन्स पास असेल तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात घेतात, पहिलं वर्ष माफ. दोन वर्षांनी तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

इनुसने बोटांवर मोजलं. "म्हंजी चार वर्साचं पाच झालं."

"व्हय."

"एका मार्कापायी."

त्याने कागद घडी करून खिशात घातले, हौसरावांचे आभार मानले आणि लेकीला घेऊन गेला. ते आभार हौसरावांना शिवीपेक्षा वाईट लागले.

अकरा कुठून आले ते हौसरावांना पाठ होतं. फेब्रुवारीत त्यांनीच ते टाईप केले होते.

कॉलेजच्या पटावर बारावी सायन्सला एकशे दोन नावं होती. त्यातली ऐंशी पुण्यातल्या एका क्लासची. ती मुलं वर्षभर क्लासमध्ये बसत. गावाला त्यांचं दर्शन प्रॅक्टिकलच्या दिवशी. एसी बसमधून उतरायची, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या जर्नलवर नाव टाकायची, बाथरूम घाण आहे म्हणून नाकाला रुमाल लावायची आणि दुपारी परत जायची. उरलेली बावीस मुलं आसपासच्या वाड्यांवरची. सायकलवर, चालत, वडापच्या जीपने येणारी.

सारिका मॅडमनी मार्कांचा हाताने लिहिलेला तक्ता आणून दिला होता. गावातल्या मुलांना पंधरा, सतरा, एकोणीस. क्लासच्या ऐंशी नावांपुढे लिहिलं होतं, 'ओळखत नाही'.

प्राचार्यांनी तक्ता बघितला. ते तोंडात मावा धरून बोलत होते. "ऐंशीला वीसपैकी वीस टाका. क्लासवाल्यांना तसा शब्द दिलाय."

"आन् आपल्या पोरांना मॅडमनी दिलेत ते?"

"सगळ्यांनाच वरचे पडले तर बोर्डाच्या डोळ्यांवर येतं, हौसराव. खाली पण कुणीतरी दिसायला पाहिजे. आपल्या बावीसला नऊ ते बारा टाका. पास तर होतायत ना? त्यांना कुठं आयआयटीला जायचंय?" ते उठले, खिडकीतून खाली पिचकारी टाकली आणि हाताच्या पालथ्याने तोंड पुसलं.

हौसराव आपल्या टेबलाशी आले. स्वतःचं लॉगिन उघडलं आणि बसले. कुणाला नऊ, कुणाला बारा, हे त्यांनी बोट पडेल तसं ठरवलं. सायमाच्या नावापुढे अकरा पडले. निकालाच्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला, पेढे वाटले. त्यांनी पेढा तोंडात घातला आणि मोरीत जाऊन थुंकला. तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले.

इनुस येऊन गेल्यावर मात्र त्यांना जेवण जाईना. भाताकडे बघितलं की तो मावा आठवायचा, पण खरी किळस यायची ती स्वतःच्या बोटांची. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डाला दोन पानी पत्र लिहिलं. सारिका मॅडमचा तक्ता फाईलमधून काढला, पत्राला जोडला आणि शिरूरला जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवला. घरी बायकोला, म्हाळसाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "फेब्रुवारीतच लिव्हायचं."

ऑगस्टमध्ये चौकशीला दोन साहेब आले. आधी संस्थेच्या हॉलमध्ये मटणाचं जेवण झालं. मग हौसरावांना बोलावलं. एक साहेब काडीने दात कोरत होता.

"एंट्री कुणाच्या लॉगिनवरून झाली?"

"माझ्या."

"टाईप कुणी केलं?"

"मी."

"मग तक्रार कुणाविरुद्ध करताय?"

दुसरा हसला. त्याच्या हसण्याबरोबर रश्श्याचा ढेकर आला. प्राचार्य पाण्याचा ग्लास पुढे करत उभे होते.

"माझ्याविरुद्ध बी धरा," हौसराव म्हणाले. "पन पोरांचे मार्क नीट करा."

अहवालात 'लिपिकाची नजरचूक' असं आलं. निकाल जाहीर होऊन मुदत टळल्यामुळे मार्क बदलता येत नाहीत, असंही. आठवड्यात संस्थेने हौसरावांची बदली दौंड तालुक्यातल्या आपल्या शाळेवर केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

सप्टेंबरातल्या एका सकाळी शिरूर–दौंड एसटीत न्हावऱ्याला सायमा चढली. खांद्याला सॅक, हातात ड्रॉइंगची लांब नळी. तिला दौंडच्या बाजूला डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. मोकळी जागा हौसरावांच्या शेजारीच होती. ती क्षणभर थांबली, मग बसली.

बरीच गावं मागे पडली. हौसराव पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "अभ्यास कमी पडला असं म्या म्हणलं होतं. ते खोटं हाय. तुझं मार्क कमी करायला लावलं, आन् म्या केलं. अकरा म्या टाईप केलेत."

तिने नळी मांडीवर आडवी घेतली. खिडकीबाहेर उसाचे फड सरकत होते. मग तिने विचारलं,

"मॅडमनी किती दिले होते?"

"अठरा."

तिचा थांबा आला. ती उठली, सॅक सारखी केली, आणि उतरता उतरता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं होतं, सोळा."